मधुचंद्राची पाठराखीण

नव्या नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते. तिचं काम सोपं असतं. पहिले काही दिवस नवरीच्या शेजारी बसायचं, तिला पाणी हवंय की एकांत हवाय हे चेहऱ्यावरून ओळखायचं आणि परतणीला तिच्याबरोबर माहेरी यायचं. ताईच्या लग्नात हे काम माझ्याकडे आलं. मी कमी बोलते, त्यामुळे सगळ्यांना मी या कामासाठी अगदी योग्य वाटले. ते मला महाबळेश्वरला, तळ्याच्या काठावर करावं लागेल असं मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

झालं असं. लग्न आमच्याकडे लातूरला झालं. ताईचं सासर अर्धापूरचं. केळीची बाग आणि बाजारात खता-बियाण्यांचं दुकान. दाजींच्या मित्रांनी लग्नाचा आहेर म्हणून एका हॉटेलचं ‘कपल स्पेशल’ बुकिंग करून टाकलं होतं. तीन रात्री, फुलांनी सजवलेली खोली, एक केक आणि मेणबत्तीच्या उजेडात जेवण. मित्रांनी तारीख धरली ती सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवसाची. परतणी व्हायची होती, पण मित्रांना परतणी वगैरे काही माहीत नव्हतं आणि हॉटेलला तारीख बदलायची नव्हती.

दाजींच्या आईंना मी मावशी म्हणते. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून निकाल दिला.

“जावा की. म्या कुठं न्हाई म्हणून राहिले? पण परतणी झाली न्हाई अजून. पाठराखीण संगं जाईल.”

“आई, तिथं तिचं काय काम?” दाजी हसत म्हणाले.

“हितं जे हाय तेच तिथं. परतणीच्या आधी नवरीला सोडून पाठराखीण ऱ्हात नसती.”

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. मग हळूहळू बाकीचेही हसायचे थांबले आणि दाजींनी मान डोलावली. ही मान मी पुढचे चार दिवस फार जवळून पाहिली. कुठल्याही बाजूला, कोणासाठीही डोलते.

ताईने माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, चल. मला वाटलं तिला माझी सोबत हवी आहे. तिला खरं तर वाद नको होता. एक मोठा वाद पुढे उभा होता आणि ती त्यासाठी ताकद राखून ठेवत होती.

तो वाद असा. ताई फिजिओथेरपिस्ट आहे. लातूरला तिने दोन वर्षं काम केलं आणि लग्नाच्या धामधुमीतच तिची नांदेडच्या एका हॉस्पिटलमध्ये निवड झाली. लग्नाच्या बैठकीत आमच्या वडिलांनी तिच्या नोकरीचं सगळ्यांसमोर विचारलं होतं. तेव्हा दाजींचे वडील म्हणाले होते, “करू द्या की. अर्धापूर ते नांदेड काय लांब हाय? जाऊन येऊन करंल.” त्या वाक्यावर पेढे वाटले गेले. लग्नानंतर ते वाक्य कोणालाच आठवेना. सहलीहून आम्ही रविवारी परतणार होतो आणि ताईला सोमवारी सकाळी रुजू व्हायचं होतं. ती आली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाईल, हे हॉस्पिटलने तिला स्वच्छ सांगितलं होतं. तिने दाजींना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “तिकडं गेल्यावर निवांत बोलू.”

म्हणजे बाकीच्या जोडप्यांसाठी तो मधुचंद्र होता. ताईसाठी मुलाखत.

पहाटे तीनलाच निघून दुपार कलायच्या आत आम्ही घाट चढलो. डिकीत मावशींनी दिलेला केळीचा अख्खा घड होता. तो वळणावळणाला इकडून तिकडे आपटत होता. हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाने आम्हा तिघांकडे पाहिलं, मग बुकिंगकडे पाहिलं.

“सर, कपल पॅकेज आहे ना? मॅडम कोण?”

“मेहुणी आहे,” दाजी म्हणाले.

“ओके,” तो म्हणाला. त्याच्या ‘ओके’मध्ये पुष्कळ काही होतं. मी भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले.

खोली उघडली. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढलेला, त्यात टॉवेलचे दोन हंस चोची लावून बसलेले. आणि त्या पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर एक गादी, तिच्यावर घडी घातलेली रजई. ‘एक्स्ट्रा पर्सन’. कोणीतरी आपुलकीने गादीवरही चार पाकळ्या टाकल्या होत्या. त्या चार पाकळ्या बघून मला जे वाटलं त्याला मराठीत शब्द असेल, मला इंग्रजी शाळेत तो शिकवला नाही. ताई मात्र पोट धरून हसली. लग्नानंतर ती पहिल्यांदाच तशी हसली. मग दाजींनी खाली जाऊन माझ्यासाठी मागच्या बाजूची एक लहान खोली घेतली. तिच्या खिडकीतून हॉटेलच्या टाक्या दिसत. मला ती फार आवडली.

तळ्याबद्दल लिहायला हवं, कारण सगळे त्यासाठीच येतात. पाणी हिरवट, आणि काठावर त्याच्यापेक्षा मोठं पार्किंग. भाजलेल्या कणसांचा धूर, क्रीममध्ये बुडवलेल्या स्ट्रॉबेऱ्या, खंगलेले घोडे, बंदुकीने फोडायचे फुगे. या सगळ्याच्या मधून जोडपी हिंडत होती. फेब्रुवारी म्हणजे लग्नसराईचं पीक नुकतंच हाताशी आलेलं. सगळ्या नवऱ्या मुलींचा एकच वेश: कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, मेंदी, मंगळसूत्र आणि अंगावर बाजारातली कडक घडी न मोडलेली जीन्स. बहुतेकींनी जीन्स लग्नाच्या बस्त्याबरोबर लपवून आणलेली असावी. चालताना त्या स्वतःच्या पायांकडे बघत होत्या. नवरे गॉगल लावून त्यांच्या पुढे दहा पावलं चालायचे, फोटोवाला आला की मागे येऊन खांद्यावर हात टाकायचे आणि फोटो झाला की पुन्हा पुढे. प्रेम एवढं कामापुरतं काढून परत खिशात ठेवता येतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

“सर, मॅडमच्या डोळ्यात बघा. डोळ्यात. अहो, माझ्याकडं नका बघू!” फोटोवाला ओरडायचा.

“इकडं ऊन लागतंय,” नवरा म्हणायचा.

आपल्याकडच्या लोकांना आपल्याकडचे लोक लगेच कळतात. एक जोडपं अहमदपूरचं निघालं, एक निलंग्याचं. नवऱ्यांची तिथेच कणसाच्या गाडीपाशी बैठक बसली. कोणाची सोयरीक कुठली, कोण कोणाच्या मामाचा साडू, यंदा सोयाबीनला काय भाव लागला. डोंगरावर इतक्या दूर येऊन त्यांनी धान्याचा मोंढाच भरवला होता. त्यांच्या बायका तीन हातांवर गप्प उभ्या होत्या, एकमेकींच्या मेंदीकडे बघत. निलंग्याची मला म्हणाली, “तुमचे मिस्टर कुठायत?”

“मी पाठराखीण आहे,” मी म्हटलं.

तिने आधी माझ्याकडे, मग ताईकडे पाहिलं. “हितं?” ती म्हणाली, आणि एवढं बोलून तिने जी सहानुभूती दाखवली ती मी आजपर्यंत विसरलेले नाही. ती मला होती की ताईला, ते कळलं नाही.

पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघं वल्हवायच्या बोटीत बसलो. बोटवाल्याने दाजींना एका टोकाला बसवलं, ताईला दुसऱ्या. “ताई, तुम्ही मधी बसा, न्हाईतर बोट कलती,” तो मला म्हणाला. दाजींनी फोन लांब धरून व्हिडिओ घेतला. मी त्यात खाली वाकले. तरी माझी वेणी आली.

ताईने बोटीतच विषय काढला. “अहो, सोमवारचं बोलायचं होतं.”

दाजींनी माझ्याकडे पाहून हसू आणलं. “घरच्या गोष्टी मेहुणीबाईंसमोर कशाला? बोअर होतील त्या.”

“मी होत नाही,” असं मी म्हणायला हवं होतं. मोठ्यांशी बोलायचं म्हटलं की माझं वाक्य मनात तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. विषय पुढे गेला. दाजींनी बोटवाल्याला तळ्यात मासे आहेत का ते विचारलं.

रात्रीच्या जेवणाला गवतावर टेबल मांडलं होतं, त्यावर काचेत मेणबत्ती. दोन खुर्च्या. तिसरी खुर्ची मागाहून आली, प्लास्टिकची, पांढरी. शेजारच्या टेबलांवरही जोडपी होती आणि सगळीकडे पुरुष फोनवर बोलत होते. मी दोन घास खाऊन उठले.

“डोकं दुखतंय, मी जाते.”

“बसा ओ मेहुणीबाई!” दाजी जवळजवळ ओरडलेच. “केक राहिला. तुम्ही गेल्यावर आईला काय सांगू? आई म्हणाली, पोरीला एकटी सोडू नका.”

एकटं राहायची भीती मला नव्हती. दाजींच्या चेहऱ्यावर ती स्पष्ट होती. स्वतःच्या बायकोबरोबर, फुलांनी सजवलेल्या टेबलावर, एकटं राहायची. मी बसले. केक आला. त्यावर ताईचं नाव चुकीचं लिहिलेलं होतं. दाजींनी ती चूक वेटरला समजावून सांगण्यात बराच वेळ काढला.

दुसरा दिवसही असाच गेला. एक पॉइंट, दुसरा पॉइंट, तिसरा पॉइंट. प्रत्येक ठिकाणी तीच दरी थोडी डावीकडून किंवा उजवीकडून. प्रत्येक ठिकाणी मावशींचा व्हिडिओ कॉल. “जेवले का? सुनबाईनं साडी न्हाई नेसली आज? बरं, बरं, ऱ्हाऊ दे. पाठराखीण कुठाय? दाखीव.” दाजी फोन माझ्याकडे वळवायचे. मी हात जोडायचे. मावशींना माझा चेहरा दिसला की त्या समाधानाने फोन ठेवायच्या. मला वाटायचं, किती काळजी करतात.

शनिवारी सकाळी ताई माझ्या खोलीत आली आणि टाक्यांकडे बघत उभी राहिली.

“काल रात्री परत विचारलं,” ती म्हणाली.

“मग?”

“झोप आली म्हणाले. मग खरंच झोपले. घोरत होते.” ती खिडकीपासून वळली. “नाही म्हणाले असते तर चाललं असतं गं. भांडता आलं असतं. हे नाहीसुद्धा म्हणत नाहीत.”

आज संध्याकाळपर्यंत मला त्यांच्यापासून गायब व्हायचं आहे, एवढं मी तेव्हा ठरवलं. जिथून उठून जाता येत नाही अशी एकच जागा तिथे होती. दुपारी तळ्यावर गेलो तेव्हा दोघं बोटीत चढले आणि मी काठावरच थांबले.

“चला, मेहुणीबाई!”

“मला बोट लागते,” मी म्हटलं.

“परवा नाही लागली?”

“परवापासूनच लागते.”

ताईने बोटवाल्याला हात केला. बोट सुटली. दाजी मागे वळून माझ्याकडे बघत होते, शाळेत पहिल्या दिवशी सोडलेल्या पोरासारखे. बोट तळ्याच्या मध्यावर गेली आणि तिथे थांबली. बोटवाल्याने वल्ही आत घेतली. ताई बोलत होती. तिचे हात हलत होते. दाजींचं डोकं खाली होतं. मधेच त्यांनी फोन काढून आजूबाजूचं शूटिंग सुरू केलं, तेव्हा ताईने त्यांच्या हातातून तो घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. काठावरच्या बाकीच्यांना ते दृश्य फार छान दिसत असणार. माझ्या शेजारी उभी असलेली एक बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, “बघा, कसे गप्पा मारतायत. नाहीतर तुम्ही.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. मावशी.

“अगं, त्याचा फोन उचलून न्हाई राहिला कोणी. कुठं हाय तो?”

“बोटीत आहेत, मावशी. दोघं.”

“आन् तू?”

“मी काठावर.”

 मावशींचा आवाज एकदम बदलला. “काठावर? तुला संगं कशाला धाडलं होतं? दोघंच्या दोघं सोडले व्हय? आता काय बोलून राहिले असतील ते, मला काय कळत न्हाई? माझं पोरगं साधं हाय. चार गोड शब्द बोलले की हो म्हणून टाकतंय. ती नोकरीचंच बोलत असंल. तू मधी असली म्हंजी बोलणं व्हत न्हाई, म्हणून तर...”

त्या तिथे थांबल्या. बहुधा त्यांनाच ते ऐकू आलं.

मी तळ्याकडे बघत होते. परंपरा, परतणी, सोबत, काळजी, आणि रोज तीन वेळा हात जोडून दाखवलेला माझा चेहरा. मला ताईची पाठराखीण म्हणून पाठवलं नव्हतं. मला त्या दोघांच्या मधे ठेवलं होतं, आणि मी मुकाट्याने ते काम चोख केलं होतं, कारण मी कमी बोलते. मावशींचा राग आला, पण त्यांच्या हुशारीबद्दल थोडा आदरही वाटला. त्या निदान काहीतरी करत होत्या. मला तुच्छता वाटली ती त्या साध्या पोराबद्दल. सत्तावीस वर्षांचा माणूस, दुकान चालवतो, खताच्या कंपन्यांच्या माणसांशी घासाघीस करतो, आणि बायकोच्या एका प्रश्नापासून वाचायला मेहुणीच्या वेणीमागे लपतो.

“मावशी,” मी म्हटलं, “ते बोलतायत. त्यांचं झालं की फोन करायला सांगते.” आणि मी फोन ठेवला. मोठ्या माणसाचा फोन मी आयुष्यात पहिल्यांदा आधी ठेवला. 

बोट काठाला लागली. ताई आधी उतरली. तिचे डोळे कोरडे होते. “काय म्हणाले?” मी हळूच विचारलं.

“म्हणाले, ‘माझं काही नाही, पण आईला विचारून सांगतो.’ मी म्हटलं, विचारा. मी सोमवारी जाणार आहे एवढं धरून विचारा.”

तिने तिथेच, कणसाच्या गाडीपाशी उभं राहून हॉस्पिटलला फोन लावला आणि सोमवारी येते म्हणून सांगितलं. आवाज मुद्दाम दाजींना ऐकू जाईल एवढा ठेवला. दाजी कणसाला लिंबू चोळत होते. ते फार नीट चोळत होते, दाणान् दाणा.

रविवारी परतताना ताई पुढे बसली, मी मागे. पंढरपूर ओलांडल्यावर मावशींचा फोन आला. दाजींनी तो गाडीच्या स्पीकरवर घेतला. गाडी चालवताना ते दुसरं काय करणार.

“हे बघ, लातूर वाटंतच हाय. दोघींना तिथंच उतरीव. परतणी व्हायची न्हाई का? पाच दिस माहेरी ऱ्हाऊ दे तिला. म्या व्याह्याला फोन केलाय, त्यांनी तयारी करून ठिवली.”

“हो, आई,” दाजी म्हणाले.

रीत बरोबर होती, त्याला कोणीच नाव ठेवलं नसतं. फक्त ते पाच दिवस सोमवारी सुरू होत होते. ताई खिडकीबाहेर बघत होती. उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक मागे पडत होत्या. मी मागून तिच्या मानेकडे बघत होते आणि ती काही बोलेल याची वाट बघत होते. 

आमच्या गल्लीत गाडी थांबली तेव्हा आई फाटकात उभी होती, हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. मी माझी बॅग घेऊन उतरले. ताई उतरली नाही.

“उतर ना,” आई म्हणाली.

“मी नांदेडला चालले आहे, आई. उद्या रुजू व्हायचंय.”

“अगं, पण परतणी!”

“पुढच्या रविवारी येते. सुट्टी असते.”

दाजींनी गाडी बंद केली होती. ते हळू आवाजात म्हणाले, “आईनं उतरवून ये म्हटलंय. आता मी काय सांगू तिला?”

“सांगा, मी उतरले नाही,” ताई म्हणाली. “खरंच आहे ते. तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही.”

दाजींनी आधी फाटकातल्या आमच्या आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग डॅशबोर्डवरच्या फोनकडे. तो नेमका तेव्हा वाजला नाही. मधे बसायला कोणी उरलं नव्हतं. पुष्कळ वेळाने त्यांनी चावी फिरवली. त्याला मी धाडस म्हणणार नाही. मावशी आणि ताई या दोघींपैकी जी जवळ बसली होती तिची त्यांना जास्त भीती वाटली, एवढंच. पण गाडी निघाली आणि नांदेडच्या दिशेने वळली.

आई तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. शेजारच्या काकू गच्चीवरून बघत होत्या. मला वाटलं आता आई मला बोलेल, अशी कशी एकटी आलीस म्हणून, आणि मी सगळं सांगायची तयारी करत होते: गादीवरच्या पाकळ्या, बोट, मावशींचा फोन.

आईने भाकरतुकडा माझ्यावरून ओवाळला, रस्त्यावर टाकला आणि माझ्या पायांवर पाणी घातलं.

“उद्या पहिलाच दिवस,” ती म्हणाली. “तिथं तिला डबा कोण करून देणार?”

“हॉस्पिटलला कॅन्टीन असेल,” मी म्हटलं.

“असेल,” आई म्हणाली, आणि आम्ही आत गेलो.